गादी रिकामी राहू नये म्हणून

शाळेत असताना मला राजांच्या वंशावळी वहीत उतरवून काढायचा नाद होता. इतिहासाच्या जाड पुस्तकांच्या शेवटी त्या छापलेल्या असायच्या. डावीकडे नाव, उजवीकडे राज्यावर बसल्याचं साल आणि मृत्यूचं साल. एकाचं साल जिथं संपतं तिथूनच दुसऱ्याचं सुरू होतं. मला ते फार आवडायचं. सगळा इतिहास कसा सांधेबंद, कुठे फट म्हणून नाही.

फ्रान्सच्या राजांची यादी उतरवताना मात्र मी एका नावापाशी अडखळले. जॉन पहिला, १३१६ ते १३१६. आधी छपाईची चूक वाटली. मग वरची ओळ पाहिली. लुई दहावा, त्याचाही शेवट १३१६. खालची ओळ पाहिली. फिलिप पाचवा, त्याची सुरुवातही १३१६. एका वर्षात तीन राजे, आणि मधल्याचं राज्य पाच दिवसांचं. तो जन्मला तेव्हाच राजा होता आणि पाच दिवसांनी गेला. त्या वयात मी त्याच्या नावापुढे पेन्सिलीनं एक छोटा गोल काढून ठेवला होता. पुढे अनेक वर्षं राजघराण्यांच्या वारशाविषयी जे जे हाताला लागलं ते वाचत राहिले, त्याची सुरुवात त्या गोलापासून झाली. 'वारस कोण' हा प्रश्न आपण इतिहासात लढायांची प्रस्तावना म्हणून वाचतो आणि पुढे सरकतो. मला तो प्रश्नच मुख्य वाटत आला आहे. एक माणूस मेल्यावर आणि दुसरा बसायच्या आधी जी जागा रिकामी राहते, ती माणसांना इतकी भयानक का वाटली, आणि ती भरून काढायला त्यांनी काय काय केलं?

भीती किती खरी होती हे राजांचे मृत्यू लपवल्याच्या हकिकती वाचल्या की कळतं. चीनचा पहिला सम्राट छिन शी हुआंग इसवी सनापूर्वी २१० साली राजधानीपासून दूर, दौऱ्यावर असताना वारला. दिवस उन्हाळ्याचे. बरोबरच्या दोन-चार जणांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. बंद रथात प्रेत, त्या रथापाशी रोजच्यासारखं जेवण नेलं जातंय, कारभाराचे कागद नेले जातायत. वास यायला लागला तेव्हा खारवलेल्या मासळीच्या गाड्या सोबत चालवल्या. या प्रवासातच सम्राटाच्या नावानं खोटा हुकूम तयार झाला आणि थोरला मुलगा फूसू याला पोहोचला : आत्महत्या कर. बापाचा हुकूम म्हणून त्यानं तो पाळला. धाकटा हूहाय गादीवर बसला. सगळा चीन एका छत्राखाली आणणारं ते घराणं त्यानंतर चार वर्षांतच संपलं.

दुसरी हकिकत तुर्कांच्या उस्मानी घराण्यातल्या सुलतान सुलेमानची. सप्टेंबर १५६६, हंगेरीतल्या सिगेटवारचा वेढा, म्हातारा सुलतान तंबूत आजारी. किल्ला पडायला एखाद-दोन दिवस उरलेले असताना रात्री तो गेला. वजीर सोकोल्लू मेहमद पाशा त्या तंबूत उभा होता तेव्हा त्याच्या डोक्यात काय चाललं असेल, याची मी पुष्कळदा कल्पना केली आहे. बाहेर हजारोंचं सैन्य, समोर शत्रू, आणि वारस सलीम कितीतरी दिवसांच्या वाटेवर, अनातोलियात. त्यानं तोंड मिटून घेतलं. सुलतानाच्या अक्षरासारखं अक्षर काढणाऱ्या माणसाकडून हुकूम लिहवले, विजयाची बक्षिसं त्याच्या नावानं वाटली, आणि सलीम बेलग्रेडला येऊन पोहोचेपर्यंत, म्हणजे सुमारे ४८ दिवस, मेलेल्या माणसाचं राज्य चालू ठेवलं.

वजिराला मी लबाड म्हणू शकत नाही. ४८ दिवसांत त्यानं जे वाचवलं ते फार मोठं होतं. राजा गेल्याची बातमी एक दिवस आधी फुटली असती तर तिथंच लूट सुरू झाली असती. जुन्या राज्यांत सैनिकाचा पगार, व्यापाऱ्याचा परवाना, जमिनीची सनद, तुरुंगातल्या माणसाची शिक्षा, सगळं एका जिवंत माणसाच्या नावाला बांधलेलं असायचं. इंग्लंडमध्ये तर एके काळी समजच असा होता की राजानं राखलेली शांतता राजाबरोबर मरते. नवा राजा उभा राहीपर्यंत गुन्हा कुणाविरुद्ध झाला, हेच धड सांगता येत नसे.

आणि राजा मेलाच पाहिजे असंही नाही. १६५७ च्या सप्टेंबरात शाहजहान दिल्लीत आजारी पडला. रोज सकाळी झरोक्यात येऊन लोकांना दर्शन देण्याची बादशहाची रीत होती. तो काही दिवस झरोक्यात आला नाही. झालं. बादशहा मेला आणि दारा शुकोह बातमी दाबून बसलाय, अशी बोलवा बंगालपर्यंत आणि गुजरातपर्यंत गेली. शुजानं तिकडे स्वतःच्या नावानं राज्य जाहीर केलं, मुरादनं इकडे, औरंगजेब दक्षिणेतून निघाला. शाहजहान तोवर बराही झाला होता. पण एक खिडकी काही सकाळ रिकामी राहिली एवढ्यावर चार भावांची लढाई पेटली, आणि ती पेटल्यावर बापाचं जिवंत असणं कुणाच्या उपयोगाचं राहिलं नाही. तो पुढे आठेक वर्षं जगला, आग्ऱ्याच्या किल्ल्यात, कैदेत.

मुघलांकडे 'थोरला तो वारस' असा नियम नव्हता. सगळ्या मुलांचा हक्क सारखा, ज्याच्या हाती तलवार चालेल त्याचं तख्त. या पद्धतीच्या बाजूनं बोलणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं म्हणणं, अशा झुंजीतून निदान कर्तबगार माणूस वर येतो, थोरला म्हणून एखादा मठ्ठ गादीवर बसत नाही. हे म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. पण कर्तबगार कशात, ते पाहावं लागतं. भावांशी लढण्यात जो निष्णात ठरला तो रयतेच्या कारभारातही निष्णात असेल, याची हमी कुठली? शिवाय दर पिढीला खजिना, सैन्य आणि अनुभवी सरदार आपसांत कापून काढायचे, हा खर्च कुणी मोजत नाही. १७०७ मध्ये औरंगजेब गेला, त्याचे मुलगे लढले. १७१२ मध्ये नातू लढले. त्यानंतर लढायला फारसं काही शिल्लक नव्हतं.

उस्मानींनी या झुंजीवर जो उपाय काढला तो मी प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. मेहमद दुसरा, ज्यानं कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, त्याच्या नावच्या कायद्यात कलमच आहे : मुलांपैकी ज्याला राज्य मिळेल त्यानं जगाची घडी नीट राहावी म्हणून भावांना मारणं योग्य आहे. राजरक्त जमिनीवर सांडू नये म्हणून ते काम गळ्याला दोरी आवळून व्हायचं. जानेवारी १५९५ मध्ये मेहमद तिसरा गादीवर आला. त्याला १९ भाऊ होते. त्यातले कितीतरी अगदी लहान. बापाची शवपेटी राजवाड्यातून बाहेर पडली आणि पाठोपाठ १९ पेट्या निघाल्या. रस्त्यावर उभ्या असलेल्या शहरानं ते पाहिलं. कायदा सव्वाशे वर्षं जुना होता, लोकांना ठाऊक होता, तरी हे फार झालं असं त्या शहराला वाटलं. त्या १९ पेट्यांपैकी शेवटची, सर्वांत छोटी, कुणी उचलली असेल, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पुढचा सुलतान अहमद १६०३ मध्ये १३ वर्षांचा होता, त्याला मूलबाळ नव्हतं. भावाला मारलं आणि आपणही गेलो तर घराणंच बुडेल, म्हणून म्हणा किंवा त्या १९ पेट्या विसरता आल्या नाहीत म्हणून म्हणा, त्यानं भाऊ मुस्तफाला जिवंत ठेवलं. तिथून भावांना राजवाड्यातच कोंडून ठेवायची पद्धत पडली. त्या जागेला नाव मिळालं 'कफेस', म्हणजे पिंजरा. मारण्यापेक्षा बरं असं वाटतं, पण १६४० ची गोष्ट ऐका. सुलतान मुराद चौथा वारला आणि पिंजऱ्यातल्या इब्राहिमला सांगायला दरबारी गेले की आता तुम्ही सुलतान. इब्राहिमनं दार आतून लावून घेतलं. ही मला बाहेर काढून मारायची युक्ती आहे, असंच त्याला वाटत होतं. शेवटी भावाचं प्रेत दारापाशी आणून दाखवावं लागलं, तेव्हा तो बाहेर आला. वर्षानुवर्षं पावलांच्या आवाजाला दचकत जगलेल्या त्या माणसाच्या हाती तीन खंडांतलं राज्य आलं. तो वेडसर होता असं इतिहास सांगतो. मला त्यात नवल वाटत नाही.

आता पुन्हा माझ्या पेन्सिलीच्या गोलाकडे येते.

फ्रान्सच्या कापे घराण्याचं नशीब असं की ९८७ पासून १३१६ पर्यंत, सव्वातीनशे वर्षं, प्रत्येक राजाच्या मागे मुलगा होता. एकदाही खंड नाही. सुरुवातीच्या राजांचा नशिबावर भरवसा नव्हता, म्हणून ते आपल्या हयातीतच मुलाला अभिषेक करून घेत, म्हणजे बाप मेला तरी एक राजा जागेवर असायचाच. फिलिप ऑगस्टसचा असा अभिषेक ११७९ साली झाला, आणि त्यानं स्वतःच्या मुलाच्या बाबतीत मात्र ही दक्षता घेतलीच नाही. गरजच उरली नव्हती. बापामागे थोरला मुलगा, हे आता लोकांच्या अंगवळणी पडलं होतं. मला कुठल्याही युद्धातल्या विजयापेक्षा ही गोष्ट मोठी वाटते. दोनशे वर्षं तेच ते होत राहिलं, आणि त्यातून असा एक विश्वास तयार झाला की ज्याला पहाऱ्याची गरज पडत नाही. इंग्लंडमध्ये ११३५ साली राजा हेन्री वारला तेव्हा सरदारांनी त्याच्या मुलीला, माटिल्डाला, दिलेल्या शपथा तीन आठवड्यांत मोडल्या होत्या आणि पुढे कितीतरी वर्षं देश जळत राहिला होता. त्याच इंग्लंडमध्ये १२७२ च्या नोव्हेंबरात राजा वारला तेव्हा वारस एडवर्ड धर्मयुद्धाहून परतीच्या वाटेवर, समुद्रापार होता. तो तब्बल पावणेदोन वर्षांनी घरी आला. मधल्या काळात काही झालं नाही. 'काही झालं नाही' हे इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीतही मावतं, म्हणून ते नजरेतून सुटतं.

तर १३१६. जूनमध्ये लुई दहावा अचानक गेला. वय २६. मागे पहिल्या बायकोपासूनची चार वर्षांची मुलगी जान, आणि दुसरी बायको क्लेमांस गरोदर. सव्वातीनशे वर्षांत न आलेली वेळ आली. काय करायचं ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. लुईचा भाऊ फिलिप कारभारी झाला आणि फ्रान्सनं वाट पाहायला सुरुवात केली. जून, जुलै, ऑगस्ट. एवढं मोठं राज्य एका बाईच्या पोटाकडे पाहत बसलं होतं. क्लेमांसला नवऱ्यासाठी रडायला तरी सवड मिळाली असेल का? १५ नोव्हेंबरला मुलगा झाला आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पाच दिवसांनी तो गेला.

काही वर्षांपूर्वी बहिणीच्या बाळंतपणाच्या वेळी मी प्रसूतिगृहाच्या बंद दाराबाहेर रात्रभर बसले होते. आत काय चाललंय कळत नव्हतं. पहाटे परिचारिका बाहेर आली आणि 'दोघी सुखरूप आहेत' एवढंच म्हणाली. 'दोघी' या शब्दात सगळं आलं होतं. मला हसू आणि रडू एकदमच आलं. त्याच रात्री, दाराकडे बघत असताना, मला क्लेमांस पहिल्यांदा माणूस म्हणून जाणवली. तोवर ती माझ्या वहीतली एक आडवी रेघ होती.

जानचं काय झालं, तेही सांगायला हवं. तिच्या आईवर व्यभिचाराचा आरोप झालेला होता, त्यामुळे मुलगी नक्की कुणाची, अशी कुजबुज आधीच होती. काका फिलिपनं त्याचा फायदा घेतला आणि जानेवारी १३१७ मध्ये अभिषेक उरकला. पुढच्या महिन्यात पॅरिसमध्ये सभा भरवून ठरवून घेतलं की फ्रान्सच्या गादीवर बाई बसू शकत नाही. चार-पाच वर्षांच्या एका पुतणीला बाजूला सारण्यासाठी हा नियम जन्माला आला. १३२२ मध्ये फिलिप वारला तेव्हा त्याच्या मागे फक्त मुली होत्या. त्याच्याच नियमानं त्या बाजूला झाल्या आणि धाकटा भाऊ चार्ल्स बसला. १३२८ मध्ये चार्ल्स वारला तेव्हा त्याचीही बायको गरोदर. फ्रान्सनं पुन्हा श्वास रोखला. १ एप्रिलला मुलगी झाली. गादी चुलतभावाकडे, वाल्वा घराण्याकडे गेली. या तिघा भावांची बहीण इझाबेला इंग्लंडची राणी होती. तिचा मुलगा एडवर्ड तिसरा म्हणू लागला की बाई स्वतः बसू शकत नसेल, पण तिच्या मुलाला हक्क का नसावा? १३३७ ते १४५३ एवढं लांब युद्ध त्या प्रश्नाच्या आधारानं लढलं गेलं. व्यापार, जमिनी, मानापमान अशी कारणं दुसरीही होती, पण झेंड्यावर हाच दावा होता. फ्रान्सच्या वकिलांनी मग कधीतरी जुन्या फ्रँक लोकांचा 'सालिक' कायदा शोधून काढला. त्यातलं कलम जमिनीच्या वाटणीचं होतं. राज्याचा त्यात संबंध नव्हता. निर्णय आधी झाला आणि प्राचीन परंपरा नंतर सापडली. वारशाचे नियम वाचताना मी आता नेहमी तारखा आधी पाहते : प्रसंग कधीचा आणि नियम कधीचा.

जवळजवळ हुबेहूब प्रसंग साडेचारशे वर्षांनी पुण्यात घडला. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. काका राघोबादादा पेशवे झाले. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. नाना फडणवीस, सखाराम बापू आणि इतर कारभाऱ्यांनी, ज्यांना आपण बारभाई म्हणतो, त्यांना पुरंदरावर नेऊन ठेवलं आणि अजून न जन्मलेल्या बाळाच्या नावानं कारभार सुरू केला. पेशवाई म्हणजे राजपद नव्हे, पण तोवर ती वंशपरंपरेनंच चालत होती. किल्ल्यावर आणखीही गरोदर बायका नेऊन ठेवल्या आहेत, मुलगी झाली तर बदलायला, अशी अफवा तेव्हाच उठली होती. १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला. चाळिसाव्या दिवशी सवाई माधवराव पेशवे झाले. राघोबादादांनी इंग्रजांचा आश्रय घेतला, सुरतेचा तह केला, आणि त्यातून उभं राहिलेलं युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललं. पहिल्या आंग्ल-मराठा युद्धाचं मूळ पुरंदरावरच्या त्या बाळंतिणीच्या खोलीपर्यंत जातं.

बाळ बदलल्याची शंका फक्त पुरंदरावर आली असं नाही. १० जून १६८८ ला लंडनमध्ये जेम्स दुसऱ्याची राणी मेरी प्रसूत झाली तेव्हा खोलीत दरबारी, सरदार, बायका अशी गर्दी होती, साक्षीसाठी मुद्दाम जमवलेली. मुलगा झाला. कॅथलिक राजाला कॅथलिक वारस मिळाला हे पुष्कळांना नको होतं. मग गोष्ट पसरली की राणीचं मूल मेलेलंच जन्मलं आणि अंथरूण ऊबदार करायच्या निखाऱ्यांच्या भांड्यात घालून दुसरंच बाळ आत आणलं. चाळीसहून जास्त माणसांच्या जबान्या राजानं छापून प्रसिद्ध केल्या. काही उपयोग झाला नाही. त्याच वर्षी राजाला देश सोडावा लागला. त्यानंतरही ब्रिटनमध्ये राजघराण्यातल्या प्रसूतीला गृहमंत्र्यानं हजर राहायचं, ही चाल टिकली. ती १९४८ मध्ये बंद झाली. एक बाई वेणा देतेय आणि जवळच एक मंत्री खात्री करायला बसलाय, हे विसाव्या शतकापर्यंत चालू होतं.

याच घराण्यातली राणी अ‍ॅन. १७ वेळा गरोदर राहिली. बहुतेक गर्भपात किंवा मृत जन्म, काही बाळं अगदी लहानपणी गेली. एकच मुलगा वाढला, ग्लॉस्टरचा ड्यूक विल्यम, तोही अकरावा वाढदिवस होऊन जेमतेम आठवडा झाला असताना, जुलै १७०० मध्ये गेला. पुढच्याच वर्षी पार्लमेंटनं वारशाचा कायदा केला आणि पन्नासहून जास्त कॅथलिक नातेवाईक ओलांडून हॅनोव्हरच्या सोफियाचं नाव लिहिलं. राजा कोण हे रक्तापेक्षा कायदा ठरवणार, हे त्या दिवशी कागदावर आलं. लोकसत्तेच्या वाटेवरचा मोठा टप्पा म्हणून तो शिकवतात आणि ते बरोबरच आहे. त्या टप्प्याच्या मागे १७ गरोदरपणांची एक थकलेली आई आहे, तेवढं पाठ्यपुस्तकात येत नाही. तिला जी दया हवी होती ती तिला मिळाली नसावी. सगळ्यांचे डोळे पुढच्या नावावर होते.

एक गोष्ट याच्या उलटी. मार्च १६८९. संभाजी महाराजांची औरंगजेबानं हत्या केली, रायगडाला मोगलांचा वेढा. गडावर येसूबाई, त्यांचा सहा वर्षांचा मुलगा शाहू, आणि दीर राजाराम महाराज. नऊ वर्षांपूर्वी याच गडावर, शिवाजी महाराज गेल्यावर, संभाजी महाराज पन्हाळ्याला असताना दहा वर्षांच्या राजारामांना मंचकारोहण करवलं गेलं होतं, आणि राजारामांचे सख्खे मामा हंबीरराव मोहिते संभाजी महाराजांच्या बाजूनं उभे राहिले म्हणून तो पेच सुटला होता. एवढं सगळं मागे असताना येसूबाईंनी स्वतःच्या मुलाचा हक्क पुढे केला नाही. राजारामांना पुढे करून गडाबाहेर काढलं. ते जिंजीला पोहोचले आणि लढा चालू राहिला. येसूबाई आणि शाहू कैद झाले. शाहूंची सुटका औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये झाली, येसूबाईंची त्याहून बारा वर्षांनी. वारशाच्या सगळ्या वाचनात एका आईनं विचारपूर्वक आपल्या मुलाची पाळी मागे ठेवली, अशी उदाहरणं मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही सापडली नाहीत.

जिथं गादी रिकामी आणि वारस संशयात, तिथं तोतये उगवतात. त्या पाच दिवसांच्या जॉनचाही तोतया निघाला! १३५० च्या दशकात सिएनाच्या जानिनो नावाच्या व्यापाऱ्याला कुणीतरी पटवून दिलं की मेलं ते दाईचं बाळ, खरा राजा तूच. बिचारा आयुष्यभर राजेरजवाड्यांचे उंबरे झिजवत राहिला आणि नेपल्सच्या कैदेत गेला. रशियाची गोष्ट जास्त काळी. इव्हान भयंकरचा धाकटा मुलगा दिमित्री १५९१ मध्ये आठ वर्षांचा असताना गळा चिरून मेला, अपघात की खून ते कळलं नाही. १५९८ मध्ये थोरला भाऊ फ्योदर निपुत्रिक वारला आणि घराणं संपलं. मग 'मी दिमित्री, वाचलो होतो' म्हणत एक जण पोलंडहून आला आणि १६०५ मध्ये मॉस्कोत झार म्हणून शिरला. खऱ्या दिमित्रीच्या आईला मठातून आणलं. भर रस्त्यात, हजारो लोकांसमोर, तिनं त्याला मिठी मारून आपला मुलगा म्हटलं. वर्षभरानं तो मारला गेल्यावर तिनंच सांगितलं की तो माझा नव्हता. ती मिठी भीतीची होती, सूडाची होती, की चौदा वर्षांनी कुणीतरी 'आई' म्हटल्याची होती, ते मला कधी ठरवता आलेलं नाही.

दत्तकाविषयी थोडंच लिहिते. रोममध्ये इसवी सन ९६ पासून चार सम्राटांनी ओळीनं लायक माणूस निवडून त्याला मुलगा मानलं आणि तो काळ रोमचा उत्तम काळ ठरला. याचं कौतुक करताना एक गोष्ट निसटते : त्या चौघांपैकी एकाच्याही मागे हयात मुलगा नव्हता. मार्कस ऑरेलियसला होता, तर त्यानं त्यालाच, कोमोडसलाच, बसवलं. आपल्याकडे दत्तकाची रीत पक्की होती, त्यामुळे निपुत्रिक राजाचं राज्य बुडायचं काही कारण नव्हतं. बुडालं ते परक्यानं नियम बदलल्यामुळे. १८४८ मध्ये सातारा, मग नागपूर आणि झाशी. २० नोव्हेंबर १८५३ ला गंगाधररावांनी पाच वर्षांच्या आनंदरावाला, पुढच्या दामोदररावाला, कंपनीच्या अधिकाऱ्यांदेखत दत्तक घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ते वारले. सगळं रीतसर होतं. पण दत्तक खरा की नाही हे ठरवायचा अधिकार तलवारीच्या धन्यानं स्वतःकडे घेतला होता. चार वर्षांनी झाशीच्या तटावर काय झालं ते सांगायला नको.

आता उरलेल्या राजघराण्यांत गादीबरोबर सत्ता जात नाही, तरी नियम बदलायला वेळ लागतोच. स्वीडननं १ जानेवारी १९८० पासून मुलगा-मुलगी भेद काढून थोरलं अपत्य वारस ठरवलं, त्यामुळे साडेसात महिन्यांचा कार्ल फिलिप युवराज राहिला नाही आणि त्याची अडीच वर्षांची बहीण व्हिक्टोरिया वारस झाली. जपानमध्ये आजही फक्त पुरुष बसू शकतो. तिथं १९६५ नंतर राजघराण्यात मुलगा जन्मला तो २००६ मध्ये. मधल्या ४१ वर्षांत त्या घरातल्या प्रत्येक सुनेनं काय ऐकून घेतलं असेल, याचा अंदाज मला क्लेमांसवरून करता येतो.

पॅरिसच्या उत्तरेला सेंट डेनिसच्या चर्चमध्ये फ्रान्सच्या राजांच्या समाध्या आहेत. लुई दहाव्याच्या दगडी मूर्तीशेजारी एक छोटी मूर्ती आहे, ती जॉनची. मी तिचे फोटोच पाहिले आहेत. शिल्पकारानं पाच दिवसांचं तान्हं घडवलेलं नाही. चांगला दोन-तीन वर्षांचा मुलगा वाटतो, अंगभर झगा, हात जोडलेले. एवढं तरी वय त्याला कुणीतरी द्यावंसं वाटलं. क्लेमांसला त्या दोघांजवळ पुरलेलं नाही. ती मुलामागे बारा वर्षं जगली आणि १३२८ मध्ये, म्हणजे फ्रान्स दुसऱ्या एका विधवेच्या प्रसूतीची वाट पाहून मोकळा झाला त्याच वर्षी, गेली. माझी ती शाळेतली वही अजून आहे. त्यात गोलाशेजारी तिचं नाव मी आता लिहून ठेवलं आहे, आणि खाली, थोडी जागा होती तिथे, जानचं.